एचपी५ आणि एक्सपी२: फोटो दोन्हींचे काळेपांढरे, धुण्याची तऱ्हा मात्र निराळी

दोन्ही इलफर्ड कंपनीच्या फिल्म, दोन्ही ४०० आयएसओच्या, म्हणजे प्रकाशाला सारख्याच संवेदनशील, दोन्हींतून निघणारा फोटो काळापांढरा. एवढ्या साम्यावर लोक एचपी५ प्लस आणि एक्सपी२ सुपर एकाच पारड्यात टाकतात. मग पाडव्याच्या शोभायात्रेचा अख्खा रोल कोरा करकरीत परत आला की स्टुडिओवाल्याच्या नावानं शंख करतात. त्यात भर म्हणजे या दोन्ही फिल्म भरलेले, एकदा वापरून टाकायचे कॅमेरेही मिळतात. हौसेनं पहिला रोल काढणारा असाच एखादा कॅमेरा उचलतो आणि आत कुठली फिल्म आहे ते बघत नाही, कारण डब्यावर काय लिहिलंय ते वाचायची सवय कुणालाच नाही.

एचपी५बद्दल फार सांगायला नको. जिलेटिनमध्ये सिल्व्हर हॅलाइडचे कण असतात. प्रकाश पडला तिथे डेव्हलपर त्यांची काळी चांदी करतो आणि उरलेलं हॅलाइड फिक्सर धुऊन नेतो. निगेटिव्हवरचा काळेपणा म्हणजे खरीखुरी चांदी. बाथरूमच्या फटीला टॉवेल कोंबून ज्यानं घरी रोल धुतलाय त्याला हे पाठ असतं.

एक्सपी२मध्येही सुरुवात चांदीपासूनच होते, आणि घोळ इथेच आहे. ही फिल्म धुवायची सी-४१मध्ये, म्हणजे कोडॅकनं १९७२ साली आणलेल्या, रंगीत निगेटिव्हच्या नेहमीच्या प्रक्रियेत. कलर डेव्हलपर आधी चांदी तयार करतो. ते करताना तो स्वतः ऑक्सिडाइज होतो, आणि असा खर्ची पडलेला डेव्हलपर फिल्ममध्ये आधीच घालून ठेवलेल्या कपलर नावाच्या रसायनाशी जुळून तिथल्या तिथे डाय, म्हणजे रंगद्रव्य, बनवतो. पुढे ब्लीच त्या चांदीचं परत हॅलाइड करतं आणि फिक्सर ते विरघळवून टाकतो. शेवटी फिल्मवर चांदीचा कणही राहत नाही, राहतो तो डाय. ठाण्यात घोडबंदर रोडवर इमारत उभी राहिली की परांची उतरवतात, तशी इथे चांदी उतरवली जाते. एचपी५मध्ये कपलर नाहीतच, त्यामुळे डाय बनायचा प्रश्नच नाही. तिथे परांची हीच इमारत. ती ब्लीच-फिक्समधून गेली की हाती येते पारदर्शक पट्टी, आणि मग जगातला कुठलाही स्कॅनर त्यातून काही काढू शकत नाही.

उलट चूक मात्र खपून जाते. एक्सपी२ चुकून आयडी-११ या काळ्यापांढऱ्या फिल्मच्या डेव्हलपरमध्ये धुतली तर डाय बनत नाही, पण चांदीची प्रतिमा उरते, आणि ती वापरण्याजोगी असते. काही जण तर मुद्दाम तसं करतात. मला त्यात हशील दिसत नाही. चांदीच हवी होती तर एचपी५च घ्यायची होती.

कोरा रोल हातात आला तर भांडायच्या आधी त्याच्या कडा बघा. फ्रेम कोऱ्या, पण कडेला फिल्मचं नाव आणि आकडे ठसठशीत दिसतायत, तर केमिकल बरोबर होतं. रोल स्पूलवर नीट चढला नसेल किंवा शटर उघडलं नसेल. कडाही कोऱ्या असतील तर घोळ केमिकलचा. एचपी५ सी-४१मध्ये गेली की तिच्या कडेची अक्षरंही जातात, कारण तीही चांदीचीच.

नौपाड्यातल्या एखाद्या स्टुडिओच्या काउंटरवर हा घोळ कसा होतो ते ऐकण्यासारखं असतं. “दादा, रोल धुवायचाय, नॉर्मल.” “ठेवा, शुक्रवारी या.” संपलं बोलणं. पासपोर्ट फोटोवर चालणारा तो दुकानदार रोल पिशवीत टाकून पुढे लॅबकडे पाठवतो, आणि लॅबच्या लेखी नॉर्मल म्हणजे सी-४१. या ‘नॉर्मल’ शब्दावर माझा राग आहे. पाकिटावर फिल्मचं नाव लिहा आणि खाली ठळक अक्षरांत लिहा: सी-४१ नको, ब्लॅक अँड व्हाइट केमिकल. एक्सपी२वाल्यांची तऱ्हा दुसरी. “ब्लॅक अँड व्हाइट आहे,” एवढंच सांगतात, “आम्ही नाही करत,” हे ऐकून घेतात आणि मुंबईला हातानं धुऊन देणाऱ्याकडे जास्तीचे पैसे मोजून येतात. रोलच्या डबीवरच ‘सी ४१’ छापलेलं असतं हो!

बाकीचे फरक थोडक्यात. एक्सपी२ला प्रकाश जास्त दिला की दाणा, म्हणजे फोटोतला खरखरीतपणा, बारीक होतो, कारण डायचे ढग एकमेकांवर चढतात. एचपी५चा दाणा अशानं उलट जाड होतो. एक्सपी२च्या एकाच रोलवर एक फ्रेम २०० आयएसओला, पुढची ८००ला काढली तरी चालते, धुण्यात काही बदलावं लागत नाही. पण संध्याकाळी तलावपाळीवर फ्लॅश न लावता फिरायचं असेल तर मी एचपी५च घेईन. तिला १६००ला पुश करता येतं, म्हणजे १६०० आयएसओची समजून फोटो काढायचे आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. एक्सपी२ पुश करून द्या म्हणणाऱ्यांनी लॅबवाल्याचा आणि स्वतःचा वेळ घालवू नये.

घरी धुणार असाल तर एचपी५. आयडी-११ पाणी न मिसळता वापरलं तर २० अंशाला साडेसात मिनिटं. मे महिन्यात ठाण्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चांगलं गरम येतं, तेव्हा बर्फ आधी आणून ठेवा. सी-४१ला ३७.८ अंश लागतात आणि डेव्हलपरमध्ये अर्धा अंशही इकडेतिकडे चालत नाही. ते लॅबवर सोडा. घरी धुणार नसाल तर मुकाट एक्सपी२ घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

स्कॅन करताना एक बघा. धूळ आणि ओरखडे घालवणारं इन्फ्रारेडचं बटण एक्सपी२वर छान चालतं, कारण डायमधून इन्फ्रारेड आरपार जातो. चांदी तो अडवते, त्यामुळे एचपी५वर स्कॅनरला चित्रच धूळ वाटतं आणि तो चेहरेही पुसायला लागतो. तिथे ते बटण बंद ठेवा आणि ब्लोअर वापरा.