पोलिसांवर दिवाणी दावा : अमेरिकेतल्या 'कलम १९८३'ची पार्श्वभूमी

अमेरिकेत पोलीस वॉरंटशिवाय घरात घुसले किंवा त्यांनी विनाकारण कुणाला डांबून ठेवलं, तर भरपाईचा दावा बहुतेक वेळा संघीय कायदेसंहितेच्या कलम १९८३ खाली लागतो. मूळ कायदा १८७१ चा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवली होती आणि तिथले शेरीफ, न्यायालयं कानाडोळा करत होती. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी २० एप्रिल १८७१ रोजी सही केलेल्या या कायद्याने पीडितांना संघीय न्यायालयाची वाट मोकळी केली. राज्याने दिलेल्या अधिकाराच्या जोरावर कुणी घटनात्मक हक्क तुडवला, तर त्याच्याकडून भरपाई मागता येईल.

हे झालं कागदावर. पुढची नव्वद वर्षं पोलिसांविरुद्ध हे कलम फारसं कुणी वापरलं नाही. बचाव ठरलेला असे: बेकायदा झडतीला राज्याच्याच कायद्याने बंदी आहे, म्हणजे ती घेणारा राज्याच्या वतीने वागतच नव्हता, तेव्हा राज्याच्या न्यायालयात जाऊन साधा अतिक्रमणाचा दावा लावा.

हा बचाव कोसळला शिकागोतल्या एका घरामुळे. २९ ऑक्टोबर १९५८, पहाटे पावणेसहा. दाव्यातल्या तक्रारीनुसार १३ पोलीस मन्रो कुटुंबाच्या घराचं दार फोडून आत शिरले. झडतीचं वॉरंट नव्हतं, अटकेचंही नव्हतं. नवराबायकोला अंथरुणातून उठवून बैठकीच्या खोलीत विवस्त्र उभं केलं, ड्रॉवर उपडे केले, गाद्यांचे अभ्रे फाडले. मन्रोंना ठाण्यावर नेऊन दोन दिवसांपूर्वीच्या एका खुनाबद्दल विचारपूस केली, दहा तास बसवून ठेवलं. दंडाधिकारी हजर असूनही त्यांच्यापुढे उभं केलं नाही, घरी किंवा वकिलाला फोन करू दिला नाही. शेवटी आरोप न ठेवताच सोडलं.

'मन्रो विरुद्ध पेप'चा निकाल फेब्रुवारी १९६१ मध्ये लागला. वर्दीतल्या अधिकाराचा गैरवापर हाही राज्याच्या अधिकाराखालीच मोडतो आणि आधी राज्याच्या न्यायालयाचं दार ठोठावण्याची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. शिकागो शहराला मात्र याच निकालाने सोडून दिलं. शहर ही या कायद्याच्या अर्थाने 'व्यक्ती' नाही, असं कारण दिलं.

चारच महिन्यांनी 'मॅप विरुद्ध ओहायो'चा निकाल आला आणि बेकायदा झडतीतला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही बाद ठरू लागला. गाजला तोच जास्त. पण पुरावा बाद होण्याचा फायदा आरोपीला. ज्याच्या घरात काही सापडलंच नाही, त्याच्या पदरात काय? संघीय एजंटांनी ब्रुकलिनमध्ये घेतलेल्या वॉरंटविना झडतीवरून १९७१ मध्ये 'बिव्हन्स'चा निकाल लागला, तेव्हा न्यायमूर्ती हार्लन यांनी हेच लिहिलं होतं: अशा माणसासाठी नुकसानभरपाई, नाहीतर काहीच नाही. (कलम १९८३ संघीय एजंटांना लागू होत नाही. त्यांच्यावर भरपाईचा दावा लावण्याची बिव्हन्सने उघडलेली वाटही २०२२ पर्यंत जवळपास बुजली.)

दावे वाढले ते १९७६ नंतर. जिंकणाऱ्या वादीच्या वकिलाची फी हरलेल्या पक्षाकडून मिळवण्याची सोय त्या वर्षी झाली. दहा तासांच्या कोठडीची भरपाई मुळात किती मिळणार? या सोयीशिवाय असं प्रकरण घ्यायला वकील सहसा तयार होत नाहीत.

१९७८ च्या 'मोनेल' निकालाने शहरांनाही प्रतिवादी करता येऊ लागलं, पण नोकराच्या चुकीसाठी मालक जबाबदार हे तत्त्व तिथे नाकारलं. शहराचं धोरण, रुळलेली पद्धत किंवा प्रशिक्षणातली जाणूनबुजून केलेली हेळसांड दाखवावी लागते. दुसरीकडे, १९६७ मध्ये पोलिसांना मिळालेलं सद्हेतूचं संरक्षण १९८२ च्या 'हार्लो' निकालाने पार बदललं. अधिकाऱ्याच्या मनात काय होतं हा प्रश्नच उरला नाही. कृत्य घडलं तेव्हा हक्क 'स्पष्टपणे प्रस्थापित' होता का, एवढंच बघायचं. व्यवहारात जवळपास तशाच घटनेवरचा जुना निकाल शोधावा लागतो. तो नसेल तर अधिकारी सुटतो, आणि २००९ पासून न्यायाधीश हक्कभंग झाला का हे न ठरवताच दावा फेटाळू शकतात. म्हणजे पुढच्या माणसालाही जुना निकाल सापडत नाही. अधिकारी या दाराने निसटतो, शहर मोनेलच्या. खरी गोम इथेच आहे.

अधिकाऱ्यांच्या या संरक्षणाच्या बाजूने सांगितलं जातं की ते नसेल तर भरपाईपायी पोलिसाचं घरदार विकलं जाईल. कायद्याच्या प्राध्यापक जोआना श्वार्ट्झ यांनी ४४ मोठ्या पोलीस दलांचे २००६ ते २०११ चे आकडे तपासले, तेव्हा वादींना मिळालेल्या रकमेपैकी पोलिसांच्या खिशातून गेलेला वाटा ०.०२ टक्के निघाला.

बाकीचे दावे तपशिलात बुडतात. अटकेला वाजवी कारण होतं असं ठरलं की खोट्या अटकेचा दावा संपला. ते कारण पोलिसांनी तेव्हा सांगितलेल्याच गुन्ह्याचं असायला हवं असंही नाही (सर्वोच्च न्यायालय, २००४). सीटबेल्ट न लावणं, ज्याला फार तर ५० डॉलर दंड, तेवढ्यावरही अटक चालते (२००१). वॉरंटविना अटक असेल तर ४८ तासांत न्यायाधीशाने कारण तपासायला हवं (१९९१). ते झालं नसेल तर दाव्याला चांगला आधार मिळतो. मुदत त्या त्या राज्याच्या शारीरिक इजेच्या दाव्याएवढी: न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षं, इलिनॉय आणि कॅलिफोर्नियात दोन, टेनेसीत एकच.

ती कधीपासून मोजायची, यावर 'वॉलेस विरुद्ध काटो' (२००७) बेतलेला आहे. शिकागोत १९९४ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाला पकडलं, खुनासाठी शिक्षा झाली, २००२ मध्ये आरोप मागे घेतले, २००३ मध्ये त्याने दावा लावला. उशीर झाला, असं न्यायालयाने सांगितलं. दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं त्या दिवसापासूनच घड्याळ सुरू होतं. तो सज्ञान होईपर्यंतची सूट धरूनही मुदत उलटलेली होती. पोलिसांची नावं ठाऊक नाहीत म्हणून 'जॉन डो' (अज्ञात व्यक्तीसाठी वापरायचं ठरावीक नाव) लिहून दावा लावला, तर मुदतीनंतर खरं नाव घालायला अनेक न्यायालयं नकार देतात. म्हणून पहिलं काम बिल्ला क्रमांक, ड्युटी रजिस्टर आणि बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण मागवण्याचं.

२०२० नंतर काही राज्यांनी आपापले वेगळे कायदे केले. न्यू मेक्सिकोच्या २०२१ च्या कायद्यात 'हक्क स्पष्टपणे प्रस्थापित नव्हता' म्हणून अधिकाऱ्याला मिळणारं संरक्षण नाही. दावा व्यक्तीवर नाही तर थेट सरकारी संस्थेवर, राज्याच्या न्यायालयात लावायचा. भरपाईची कमाल मर्यादा मुळात २० लाख डॉलर ठेवली, वकिलाची फी त्यातच धरून.