त्रोइत्सा-सेर्गिएवा लावरा : मठ व जमीनदारी

मॉस्कोच्या ईशान्येस सुमारे ७० किमी.वर, सेर्गिएव्ह पसाद येथे असलेला रशियन ऑर्थोडॉक्स मठ. परंपरेनुसार रादोनेझच्या संत सेर्गेईने १३३७ मध्ये जंगलात लाकडी चर्च उभारून तो स्थापला. १४०८ मध्ये तातार सेनानी एदिगेईच्या फौजेने मठ जाळला. १४२२ मध्ये सेर्गेईचे अवशेष मिळाल्यावर पवित्र त्रैक्याचे दगडी चर्च बांधायला घेतले गेले. मठाची खरी वाढ मात्र इनामांवर झाली.

जमीन येई ती मुख्यतः मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या बदल्यात. दाता गाव लिहून देई आणि मठ त्याच्या पूर्वजांची नावे स्मरणवहीत चढवी. अडचण भाऊबंदांची. वडिलोपार्जित जमीन परत सोडवून घेण्याचा त्यांना हक्क होता आणि विकलेल्या जमिनीसाठी १५५० च्या कायद्याने त्याला ४० वर्षांची मुदत घातली. विक्रीखतावर साक्षीदार म्हणून सही करणारा भाऊबंद हा हक्क गमावी, त्यामुळे अशा सह्यांना मोल होते. दानपत्रात पुष्कळदा सोडवणुकीची रक्कमच नमूद असे. शिवेचे वाद गावातली जुनीजाणती माणसे पवित्र चित्र हाती धरून शीव चालून दाखवीत, त्यावर मिटत. सनदा हरवल्या की दावा लंगडा पडे. म्हणून मठाने त्यांच्या नकलांच्या जाडजूड वह्या राखल्या.

कारभार ‘केलार’ नावाचा अधिकारी साधू पाही; गावांवरही साधूच कारभारी म्हणून नेमत. शेतकऱ्यांकडून वेठ आणि खंड घेत, शिवाय मिठागरे होती. राजसनदांनी कर व जकातीत माफी मिळे. कुळे दुसरीकडे निघून गेली तर जमीन पडीक राही. यावर पंधराव्या शतकाच्या मध्यास मॉस्कोचा राजा दुसऱ्या वासिलीने मठाच्या काही गावांतील कुळांच्या स्थलांतरावर बंधने घातली. १४९७ च्या कायद्याने २६ नोव्हेंबरच्या आधीचा व नंतरचा एकेक आठवडा ही कुळांना निघून जाण्याची मुदत देशभर लागू केली. भूदासपद्धतीच्या (कुळांना जमिनीशी बांधून ठेवण्याच्या) मुळाशी मठांचा हा स्वार्थही आहे, हे भाविक वर्णनांत सहसा येत नाही.

करमुक्त जमीन वाढली की राज्याचा महसूल आणि सरदारांना द्यायची जमीन दोन्ही घटत. म्हणून १५५१ मध्ये झारच्या परवानगीशिवाय खरेदीला मनाई झाली आणि १५८० मध्ये नव्या जमिनी घेणेच बंद केले गेले. बंदीतून पळवाटा निघत राहिल्या. सप्टेंबर १६०८ ते जानेवारी १६१० या काळात मठाला पडलेल्या पोलिश-लिथुआनियन वेढ्यात आसपासची कुळे तटबंदीत आली. लढाईइतकीच स्कर्व्हीने माणसे मेली. झार पहिल्या पीटरने १७०१ मध्ये मठांचे उत्पन्न सरकारी खात्याच्या ताब्यात दिले. ‘लावरा’ हा मोठ्या मठांना मिळणारा मान १७४४ चा.

अठराव्या शतकाच्या मध्यास मठाकडे एक लाखाहून अधिक पुरुष भूदास होते (त्या काळी शिरगणती पुरुषांचीच होई). १७६४ मध्ये सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने देशभरच्या चर्चची गावे सरकारजमा केली. कुळांवर दर पुरुषामागे वर्षाला दीड रुबल आकारणी बसली आणि मठांना ठरावीक तनखा. अनेक लहान मठ तेव्हा बंद पडले. लावरा यात्रेकरूंच्या दानावर टिकला, १९२० मध्ये बंद होऊन संग्रहालय झाला आणि १९४६ मध्ये तेथे पुन्हा उपासना सुरू झाली.