वाचक-आधी वेबसाइट लेखन

वाचक-आधी लेखन म्हणजे वेबसाइटवरचा मजकूर असा लिहायचा की पान उघडणारा माणूस ज्या कामासाठी आलाय ते काम त्याचं तिथंच व्हावं, आपल्याला स्वतःबद्दल काय सांगायचंय ते त्यानंतर. कोल्हापुरात चप्पल लाइनला गिऱ्हाइकानं "ह्यात आठ नंबर हाय काय?" विचारलं की दुकानदार आधी आठ नंबर काढून पुढ्यात ठेवतो, दुकान किती पिढ्यांचं ते पैसे मोजताना निघतं. हाच क्रम पानावर हवा. पण बऱ्याच वेबसाइटवर आधी स्वागत, मग आमचे ध्येय, मग संस्थापकांचा फोटो, आणि वेळ-दर-फोन नंबर सगळ्यात खाली बारीक अक्षरात, म्हणजे माणूस जे शोधत आला तेच शेवटी.

लोक स्क्रीनवर पुस्तकासारखं वाचत नाहीत, नजर फिरवतात. वेबसाइट लोक कशा वापरतात ह्याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये हे मांडलं, त्यांच्या चाचणीतले ७९ टक्के लोक पान नुसतं चाळत होते आणि शब्द न् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के. पुढं २००६ मध्ये त्यांनी २३२ जणांच्या डोळ्यांची हालचाल टिपली तर नजर साधारण इंग्रजी एफ अक्षरासारखी फिरताना दिसली, वरच्या एक-दोन ओळी आडव्या आणि मग डाव्या कडेनं खाली घसरत. देवनागरीही डावीकडूनच सुरू होते, म्हणून ओळीचा पहिला शब्द कामाचा पाहिजे. मराठीत ह्याच्यात अजून एक अडचण आहे, आपलं क्रियापद शेवटी येतं. "बाहेरगावच्या ग्राहकांना सणाच्या काळात घरपोच सेवा आगाऊ नोंदणी केल्याशिवाय" इथपर्यंत वाचलं तरी मिळणार की नाही मिळणार ते कळत नाही, चाळणारा माणूस तोवर पुढं गेलेला असतो. म्हणून वेबसाइटवर मराठी वाक्य छोटं ठेवायचं, हो-नाही लवकर यायला पाहिजे. एरवी मला स्वतःला लांब वाक्य आवडतं, पण दर आणि वेळ सांगताना ते चालत नाही.

ह्या लेखनाची सगळ्यात खरी परीक्षा आमच्याकडं पावसाळ्यात होते. कोल्हापूरच्या पंचगंगा नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथं शाळेतली पोरं पण सांगतील. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेला माणूस रात्री दोनला फोन उघडतो, रेंज एक काडी, चार्जिंग कमी, आणि त्याला चारच गोष्टी पाहिजे असतात: पाणी किती फूट किती इंच, ही पातळी किती वाजताची, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडलेत, आणि शिरोलीजवळ हायवे चालू हाय का बंद. त्या पानावर वर मोठा बॅनर, त्याखाली प्रास्ताविक आणि पातळी पीडीएफमध्ये असेल तर तो माणूस पीडीएफ उतरायची वाट बघत बसणार आणि तेवढ्यात सामान माळ्यावर चढवायचं राहणार. वेळ न लिहिलेली पातळी तर धोक्याचीच, कारण तोच आकडा दुसऱ्या दिवशीही फिरत राहतो आणि लोक त्यावर ठरवतात की घर सोडायचं की नाही. पहिल्या ओळीत आकडा, दुसऱ्यात तारीख-वेळ, तिसऱ्यात पाणी वाढतंय का उतरतंय, बाकी सगळं खाली.

विक्रीच्या पानाला पण हेच लागू. कोल्हापुरी चपलेचं पान घ्या. "आम्ही दर्जेदार पारंपरिक पादत्राणांचे अग्रगण्य निर्माते आहोत" ह्यातून घेणाऱ्याला काही कळत नाही. मुंबईत किंवा नागपुरात बसून ऑर्डर करणाऱ्याच्या मनात वेगळंच असतं: अस्सल कातडं आहे का, पाय कापतो का, पावसात चालेल का, नंबर चुकला तर बदलून मिळेल का. मग लिहायचं की कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं आहे, शिलाई कातड्याच्या वादीनं केलीय, खिळा नाही. नवी चप्पल सुरुवातीला कडक असते, अंगठ्यापाशी लागते, म्हणून आधी रोज थोडा वेळ घालायची. पावसात घालू नका, भिजली तर उन्हात नको, सावलीत वाळवा. नंबरासाठी पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलनं आखा आणि टाचेपासून पुढच्या टोकापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. लागते आणि भिजवू नका हे लिहिलं तर गिऱ्हाईक जाईल अशी भीती बऱ्याच जणांना वाटते, मला उलट वाटतं, ते आधी सांगितलं की माणूस विश्वासानं घेतो आणि परत पाठवत नाही. खरेपणाचं अजून एक, ह्या चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं जीआय मानांकन, म्हणजे वस्तू कुठल्या भागातली ते सांगणारी सरकारी नोंद, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडचं आहे, प्रत्येकी चार जिल्हे, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. "फक्त कोल्हापूरचीच" असं लिहिणं चूक ठरतं, अभिमान कितीही असला तरी.

शब्द लोकांचे वापरायचे. कोणी पादत्राणे, संकेतस्थळ, भ्रमणध्वनी असं शोधत नाही, चप्पल, वेबसाइट, मोबाइल असंच टाइप करतात, आणि पानात तोच शब्द नसेल तर पान सापडायलाच अवघड. गूगलनं २०११ मध्ये पांडा नावाचा बदल आणून पातळ, भरताड पानं शोधात मागं ढकलली, ऑगस्ट २०२२ मध्ये माणसांसाठी लिहिलेल्या उपयुक्त मजकुराला पुढं आणणारा बदल केला आणि मार्च २०२४ मध्ये तो आपल्या मुख्य क्रमवारीतच मिसळला. त्यामुळं एकाच परिच्छेदात "कोल्हापुरी साज कोल्हापूर बेस्ट साज" असं दहा वेळा कोंबण्यात अर्थ नाही, वाचणाऱ्यालाही ते टोचतं.

मराठीचा वेगळा त्रास फॉन्टचा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर अक्षर सारखंच दिसावं म्हणून ठरवलेल्या पद्धतीत, देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी छपाईसाठी जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच वेबसाइटवर चिकटवला जातो, मग फोनवर नुसती विचित्र चिन्हं दिसतात आणि शोधातही काही येत नाही. त्यावर उपाय म्हणून लोक सगळं पत्रक फोटो करून टाकतात. मिसळ-रस्स्याचं दरपत्रक फोटोत असलं की डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते वाचू शकत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला अक्षर मोठं करून बघताना फाटतं. फोटो जरूर टाका, पण दर खाली अक्षरात लिहा आणि फोटोला पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, द्या. रंगसुद्धा बघायचा, अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ एवढा फरक असावा हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या मार्गदर्शक नियमांचा, साधारण नियम, पिवळ्यावर पांढरं लिहिलं की उन्हात रंकाळा तलावावर उभं राहून काही दिसत नाही.

पान तपासायची सोपी पद्धत म्हणजे घरातल्या ज्या माणसानं ते कधी बघितलं नाही त्याच्या हातात फोन द्यायचा, मावशी, काका कोणीही, आणि एकच प्रश्न विचारायचा, "दुकान सोमवारी उघडं हाय का?" मग मधे बोलायचं नाही, नुसता त्यांचा अंगठा बघायचा. कुठं थांबतो, कुठं मागं जातो, कुठं फोन परत करून "तूच सांग की" म्हणतात, ती जागा लिहून घ्यायची आणि सोमवारची ओळ तिथं आणून ठेवायची.