युडायलाइट: विरघळून बसलेलं झिर्कोनियम

२०१९ मध्ये ट्रम्प यांनी ग्रीनलँड विकत घ्यायची भाषा केली, तेव्हापासून 'बर्फाखाली दडलाय रेअर अर्थचा खजिना' छापाच्या बातम्या आपल्याकडेही येतात (रेअर अर्थ म्हणजे निओडिमियमसारख्या सतरा धातूंचा गट). त्यातला 'बर्फाखाली' हा शब्द बऱ्याचदा चुकीचा असतो. दक्षिण ग्रीनलँडमध्ये नार्साक गावाजवळचा इलिमौसाक हा खडक उघड्यावर आहे. तिथल्या एका फियॉर्डच्या, म्हणजे अरुंद खोल खाडीच्या, काठचा कडा तर चक्क पट्ट्यापट्ट्यांचा आहे: खाली काळा, मध्ये लालसर, वर पांढरट, की पुन्हा काळा. अशा २९ आवर्तनांची नोंद झाली आहे. इतकं शिस्तीत थर कसे बसले, यावर भूवैज्ञानिक अजून भांडतात. लाल पट्ट्यातलं खनिज म्हणजे युडायलाइट: सोडियम, कॅल्शियम, लोह आणि झिर्कोनियम असलेलं सिलिकेट.

झिर्कोनियम तसं दुर्मीळ नाही. साध्या ग्रॅनाइटमध्येही ते असतं, पण झिर्कॉन या साध्या झिर्कोनियम-सिलिकेट खनिजाच्या बारीक कणांत. मग इथेच हे लाल खनिज का? मला यातली खरी गंमत इथे वाटते.

वितळलेल्या शिलारसात प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि शेजारी-शेजारी एकेक ऑक्सिजन वाटून घेतात, त्यामुळे जाळं तयार होतं. सोडियम-पोटॅशियमची ॲल्युमिनियमशी एकास एक जोडी जमते आणि त्यांचं फेल्स्पार हे खनिज होतं. जोड्या पुरल्या तर प्रश्न मिटला. पण अल्कधर्मी शिलारसात ॲल्युमिनियम संपतं आणि सोडियम उरतं. हे उरलेलं सोडियम जाळ्याचे सांधे तोडतं. तुटलेल्या टोकांवरचे ऑक्सिजन झिर्कोनियमला हवेच असतात, त्याला भोवती सहा लागतात. त्यामुळे झिर्कॉन होऊन बाहेर पडायचं सोडून झिर्कोनियम रसातच विरघळून बसतं. बाकीची खनिजं गोठत जातात, उरलेला रस सोडियम, क्लोरीन, नायोबियम, रेअर अर्थ यांनी दाटत जातो आणि या सगळ्यांना एकदम पोटात घेणारं युडायलाइट बनतं. डॅनिश भूवैज्ञानिक उसिंग यांनी १९१२ मध्ये अशा खडकांना 'अगपाइटिक' म्हटलं. त्यांची अट होती की सोडियम-पोटॅशियमचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर १.२ च्या वर हवं.

एवढी अट जुळणाऱ्या जागा जगात मोजक्याच. रशियाच्या कोला द्वीपकल्पातले खिबिनी आणि लोवोझेरो, कॅनडातला माँ सेंत-इलेर. भारतात पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातली सुशिना टेकडी. सह्याद्रीच्या कातळात मात्र शोधू नका. त्या बेसॉल्टमध्ये ॲल्युमिनियम पुरून उरतं.

ऑनलाइन याची पदकं मिळतात, गळ्यात घातलं की हृदयचक्र उघडतं म्हणे. मोसच्या दहा अंकी मापावर युडायलाइटचा कठीणपणा ५ ते ५.५ आणि धुळीतल्या क्वार्ट्झचा ७. चक्राचं माहीत नाही, पदकावर ओरखडे नक्की उठतील.

खजिन्याच्या बातम्यांनाही हाच न्याय. जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्ट्रोमायर यांनी १८१९ मध्ये दिलेल्या 'युडायलाइट' या नावाचा ग्रीक अर्थच 'सहज विरघळणारं'. आम्लात ते खरोखर विरघळतं, रेअर अर्थही सुटतात. पण सोबत सुटलेली सिलिका थोड्या वेळाने जेलीसारखी थिजते, अख्खा घाणा चिकट लगदा होतो आणि गाळण्या तुंबतात.