ओसेत्ताई

जपानमधील शिकोकू बेटावर ८८ बौद्ध मंदिरांची यात्रा करणाऱ्या अनोळखी यात्रेकरूंना वाटेवरील रहिवाशांनी अन्न, पैसे किंवा निवारा विनामोबदला देण्याची प्रथा. सुमारे १,२०० किमी. लांबीचा हा मार्ग तोकुशिमा, कोची, एहिमे व कागावा या चार प्रांतांतून बेटाला वळसा घालतो. शिंगोन या मंत्रमार्गी बौद्ध संप्रदायाचे संस्थापक कूकाई (७७४–८३५) यांचा जन्म याच बेटावर झाला. कोबो दाइशी या मरणोत्तर उपाधीने ते लोकांत ओळखले जातात.

दाइशी मरण पावले नसून शिंगोन संप्रदायाचे केंद्र असलेल्या कोया पर्वतावर समाधिस्थ आहेत, या श्रद्धेने तेथील भिक्षू आजही दिवसातून दोनदा त्यांच्यासाठी जेवण नेतात. तेच दाइशी प्रत्येक यात्रेकरूसोबत चालतात, असेही मानले जाते. एकट्याने निघालेल्याच्या टोपीवरही ‘दोघे सोबत’ अशा अर्थाची अक्षरे असतात; हातातील काठी हे दाइशींचेच रूप समजून मुक्कामी पोचताच प्रथम तिचे टोक धुतात. साहजिकच दारी आलेल्या पांढऱ्या वेशातील माणसाला दिलेली संत्री किंवा भाताचे मुटके दाइशींनाच अर्पण होतात आणि ज्याला स्वतः यात्रा करणे जमत नाही, त्यालाही तिच्या पुण्याचा वाटा मिळतो. म्हणूनच दिलेले नाकारू नये, असा संकेत आहे. घेणारा दाइशींचा नाममंत्र म्हणून स्वतःचे नाव लिहिलेली कागदी पट्टी देतो. पूर्वी अशा पट्ट्या गवताच्या पिशवीत भरून घराच्या रक्षणासाठी आढ्याला टांगत असत.

या औदार्यामागे भयही आहे, हे दंतकथांवरून दिसते. एमोन साबुरो या श्रीमंताने भिक्षेला आलेल्या साधूला वारंवार हाकलले आणि शेवटी त्याचे भिक्षापात्र फोडले. त्यानंतर त्याची आठही मुले एकामागून एक मेली. तो साधू म्हणजे दाइशी, हे उमगल्यावर क्षमा मागण्यासाठी त्याने बेटाला वीस फेऱ्या घातल्या आणि एकविसाव्या, उलट्या फेरीत मरणाच्या दारात त्याला त्यांची भेट झाली. ओझू येथे रात्रीचा आसरा न मिळाल्याने दाइशी पुलाखाली झोपले, अशीही कथा आहे. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून यात्रेकरू आजही पुलावर काठी टेकवत नाहीत.

जपानी माणूस मुळातच परोपकारी असतो, एवढे म्हटल्याने ही प्रथा उलगडत नाही. एदो काळात (१६०३–१८६८) भाविकांबरोबर निराधार व कुष्ठरोगीही या दानावर जगत फिरत असत आणि तोसा (आजचे कोची) संस्थानाने यात्रेकरूंच्या प्रवेशाची ठिकाणे व मार्ग ठरवून देऊन त्यांच्यावर करडी नजर ठेवली होती. १८७२ मध्ये, एदो काळानंतर आलेल्या मेजी शासनाने भिक्षूंच्या भिक्षाटनावरच बंदी घातली. ती १८८१ मध्ये उठली. दुसरीकडे, समुद्रापलीकडच्या वाकायामा भागातील भाविकांचे संघ वर्गणी जमवून, सामान नावेत भरून, केवळ यात्रेकरूंना दान देण्यासाठी शिकोकूला येत.

आज बहुसंख्य यात्रेकरू बस किंवा मोटारीने फिरतात, तरी पायी चालणाऱ्याला, मग तो परदेशी का असेना, चहा, फळे, नाणी आणि कधी रात्रीचा विनामूल्य निवाराही मिळतो. पायीच यात्रा पुरी करण्याचा संकल्प केलेल्याने गाडीत बसण्याचा आग्रह तेवढा नम्रपणे नाकारला, तर देणारा सहसा वाईट वाटून घेत नाही.