रेणुसूत्रं घोकायची नसतात

रेणुसूत्रं, म्हणजे संयुगात कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू ते सांगणारी सूत्रं, पाठच करावी लागतात, दुसरा इलाज नाही, हा समज पिढ्यानपिढ्या चालत आलाय. तो चुकीचा आहे. पाठ करायच्या त्या संयुजा (अणूची इतरांशी जोडलं जाण्याची क्षमता, आकड्यात) आणि नेहमीची मूलकं (कार्बोनेटसारखे, एकत्र वागणारे अणूंचे गट). सूत्र त्यातून बनवता येतं. अ‍ॅल्युमिनिअमची संयुजा ३, ऑक्सिजनची २. आकडे तिरके उतरवा, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याच्या चिन्हाखाली: एएल२ओ३. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडे २, भाग जाऊन नुसतं एमजीओ. सोडिअमची १, कार्बोनेटची २, म्हणून धुण्याचा सोडा (स्फटिकातलं पाणी सोडून) एनए२सीओ३. खाण्याच्या सोड्यात बायकार्बोनेटची १, म्हणून एनएएचसीओ३. घोकणारे नेमके इथेच हमखास गोंधळतात. लोह जरा नाठाळ, कधी २ तर कधी ३. पण ते नावच सांगतं: फेरस म्हणजे २, फेरिक म्हणजे ३. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी, म्हणजे एच२ओ२, काही सूत्रं या हिशोबात बसत नाहीत. ती खुशाल पाठ करा.