अंगठ्यातली नखी आणि पळणारा कोपरा

साखर पेठेतला एक ओळखीचा मुलगा परवा घरी आला. माझी हवाईयन गिटार मांडीवर घेतली, तार छेडायची नखी अंगठ्यात चढवून पाहिली आणि काढून ठेवली. "काका, नखीनं आवाज मोठा होतंय, एवढंच की! मग अँप्लिफायरचं बटण फिरवू की."

हा समज सार्वत्रिक आहे, आणि चूक आहे.

हे वाद्य म्हणजे पडदे न दाबता तारांवरून पोलादी बार सरकवत वाजवायची गिटार. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूला या पद्धतीचा जनक मानतात. ब्रिजभूषण काब्रांनी ती आपल्या रागसंगीतात आणली. इतिहास इथेच थांबवतो, कारण मला तारेबद्दल बोलायचंय.

नखीने तार ओढली की तिचा त्रिकोण होतो, नखीपाशी कोपरा. सोडल्यावर हा त्रिकोण जसाच्या तसा वरखाली हलतो असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. कोपऱ्याचे दोन कोपरे होतात. एक घोडीकडे (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पळतो, दुसरा विरुद्ध टोकाकडे, आणि दोघांमधला तुकडा सरळ राहतो. टोकाला आपटून ते उलटे होऊन परततात. अंगणात दोर झटकल्यावर वळ कसा पळत जातो, तसं. माझ्या गिटारची तार ५७ सेंटिमीटर लांब. ती २२० हर्ट्झला लावली, तर सेकंदात २२० फेऱ्या, दर फेरीला १.१४ मीटर. म्हणजे कोपरा सेकंदाला २५० मीटर पळतो, ताशी सुमारे ९०० किलोमीटर! विमानाचा वेग, मांडीवर.

आता नखीचं काम. कोपरा जितका धारदार, तितके वरचे स्वयंभू स्वर जास्त. तंबोऱ्याच्या खर्जात गंधार ऐकू येतो ना, त्याच जातीचे हे स्वर: मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट. गंधार पाचपटीचा. अंगठ्याचं मांसल टोक रुंद आणि मऊ, त्यामुळे कोपरा गोलावतो आणि वरचे स्वर बोथट होतात. नखीची कड मिलिमीटरभराची, म्हणून आवाज लखलखीत. बटण फिरवून आवाज वाढेल, पण तारेत जे निर्माणच झालं नाही ते कुठून येणार?

समीकरण नकोसं असलेल्यांनी एवढा परिच्छेद सोडावा. छेडण्याची जागा घोडीपासून लांबीच्या 'प' इतक्या भागावर असेल, तर 'न'व्या स्वराचा आयाम साइन(न × π × प) भागिले 'न' वर्ग या प्रमाणात असतो. 'न × प' पूर्णांक झाला की साइन शून्य, तो स्वर गायब. कारण आपण नेमकं त्याच्या निस्पंदावर, म्हणजे न हलणाऱ्या बिंदूवर, छेडतो. शाळेतला सोनोमीटर आणि कागदाचा स्वार आठवा.

घोडीपासून ९.५ सेंटिमीटरवर छेडलं, तर उघड्या तारेत तो सहावा भाग. सहापटीचा स्वयंभू स्वर, म्हणजे वरचा पंचम, जातो, कारण त्याच्या न हलणाऱ्या बिंदूवरच आपण छेडतो. फारसं कळत नाही. पण बार बाराव्या पडद्याच्या खुणेवर नेला की तार २८.५ सेंटिमीटर उरते आणि तीच जागा तिसरा भाग होते. आता तिप्पटीचा स्वरच जातो, तो चांगला जोरकस असतो. आवाज एकदम पोकळ! बरेच शिकाऊ यासाठी गिटारलाच दोष देतात. पाश्चात्त्य 'ए' स्वर ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झला लावा, मन शांत होतं, असं सांगणारे व्हिडिओही फिरतात. ४४० हा १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरलेला निव्वळ संकेत आहे. ४३२ मध्येही काही दैवी नाही. पोकळपणा जागेचा असतो.

नखी सैल असली की फिरते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये घामाने तर हमखास. प्लास्टिकची नखी गरम पाण्यात बुडवून मऊ करावी आणि अंगठ्यावर बेताने बसवावी. लायटर मात्र नको: काही नख्या सेल्युलॉइडच्या असतात, आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. नखीचं पातं तारेला तिरकं लागलं तर गुंडाळलेल्या जाड तारांवर खरखर येते, म्हणून अंगठा मुळापासून हलवायचा, पेरातून नाही.

आणि बार वर गेला की अंगठाही घोडीकडे सरकवायचा. बाराव्या खुणेवर पावणेपाच सेंटिमीटरवर छेडलं की तार पुन्हा सहाव्या भागात छेडली जाते. मुलाने तसं केलं, आवाज भरला. पुढच्याच तानेत अंगठा परत साडेनऊवर.